मॅग्नेशियम बरोबरच होतं: सोडून दिलेल्या कल्पनेची आणि निळ्या एलईडीची गोष्ट

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीत बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. एका टेबलावर आमसुलांची पाकिटं मांडली होती आणि मागच्या फलकावर एका पेटीचा फोटो होता. लाकडी पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, वर तिरकी काच. खाली लिहिलं होतं, 'उन्हाच्या पेटीत वाळवलेली सोलं, पावसाची भीती नाही.' मी तिथेच थबकलो. तशीच पेटी बारा वर्षांपूर्वी मी केली होती, संगमेश्वराजवळच्या आमच्या घराच्या खळ्यात. दोन हंगाम खटपट केली, तिसऱ्या वर्षी ती गोठ्याच्या माळ्यावर गेली.

पहिला विचार आला तो असा की हे तर माझं होतं. त्याच्या मागोमाग दुसरा आला, आणि तो जास्त लागला: आणखी एक हंगाम धरून राहिलो असतो तर?

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दर वर्षी मुलांना एलईडी शिकवताना निळ्या एलईडीचा इतिहास सांगतो. कुणीतरी सोडून दिलेलं काम दुसऱ्याने पूर्ण केलं आणि त्यातून जगातला उजेडच बदलला, याचं इतकं मोठं आणि इतकं नीट नोंदलेलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्या रात्री घरी येऊन मी तो इतिहास पुन्हा वाचून काढला, या वेळी स्वतःसाठी. 'ही कल्पना आधी माझी होती' आणि 'आणखी धरून राहिलो असतो तर जमलं असतं' ही दोन वाक्यं आपण किती सहज बोलून जातो. ती खरी आहेत का, हे त्या गोष्टीच्या आधाराने तपासता येतं.

आधी एलईडी म्हणजे काय ते बघू. अर्धवाहक पदार्थाचे दोन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असतात, त्याला एन थर म्हणतात. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनसाठी रिकाम्या जागा असतात, तो पी थर. वीज सोडली की एन थरातला इलेक्ट्रॉन सीमेपाशी येतो आणि पी थरातून आलेल्या रिकाम्या जागेत पडतो. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारावी तसं. त्या उडीत जी ऊर्जा सुटते ती प्रकाश होऊन बाहेर येते. पायऱ्यांमधलं अंतर लहान असेल तर प्रकाश लाल, मोठं असेल तर निळा. अंतर किती हे पदार्थावर ठरतं. म्हणून रंग बदलायचा तर नुसतं काचेला रंग देऊन भागत नाही, पदार्थच वेगळा शोधावा लागतो.

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत निक होलोनयाक यांनी केला. पुढे हिरवाही आला. निळा मात्र काही केल्या येईना, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही, रंगीत पडदा नाही.

१९६८ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत जेम्स टीजेन या अधिकाऱ्याला एक स्वप्न पडलं होतं: भिंतीवर तसबिरीसारखा टांगता येईल असा सपाट टीव्ही. त्यासाठी निळा एलईडी हवा होता. ते काम त्यांनी हर्बर्ट पॉल मारुस्का या तरुण संशोधकावर सोपवलं. पदार्थ ठरला गॅलियम नायट्राइड. त्याच्या पायऱ्यांमधलं अंतर पुरेसं मोठं होतं. अडचण एवढीच की तोवर तो पदार्थ बहुतेक भुकटीच्या रूपातच हाती आला होता, आणि एलईडीला लागतो सलग स्फटिक.

मारुस्कांनी नीलमच्या चकतीवर गॅलियम नायट्राइडचा थर चढवायला सुरुवात केली. (हे नीलम दागिन्यातलं निळं नव्हे. कारखान्यात बनवलेलं, पाण्यासारखं स्वच्छ असतं.) सुरुवातीला ते तापमान कमी ठेवत, कारण जास्त तापवलं की पदार्थाचं विघटन होईल असा समज होता. १९६९ साली त्यांच्या लक्षात आलं की भोवती अमोनिया असेल तर जास्त तापमानातही तो टिकतो. त्यांनी तापमान ८५० अंशांपर्यंत नेलं. भट्टीतून चकती बाहेर काढली तेव्हा वरचा थर इतका नितळ होता की आत काही नाहीच असं वाटावं. क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं की तो एकसंध स्फटिक आहे. त्याच वर्षी त्यांनी आणि टीजेन यांनी मिळून त्यावर शोधनिबंध छापला. तो निबंध लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

हा स्फटिक आपोआपच एन प्रकारचा होत होता. पी थर कसा करायचा, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी स्फटिकात असा एखादा धातू मिसळावा लागतो, ज्याच्या बाहेरच्या कक्षेत गॅलियमपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी आहे. आरसीएतच जॅक पॅनकोव्ह यांनी जस्त वापरून १९७१ मध्ये निळसर हिरवा उजेड काढून दाखवला, पण पी थर काही झाला नाही. मारुस्का तोवर पीएच.डी.साठी स्टॅनफर्डला गेले होते. तिथे त्यांनी जस्ताऐवजी मॅग्नेशियम घेतलं. जुलै १९७२ मध्ये त्यांच्या हातातल्या तुकड्यातून ठळक जांभळा प्रकाश आला.

तरीही तो खरा एलईडी नव्हता. मॅग्नेशियम घातलेला थर पी होण्याऐवजी वीज अडवणारा होऊन बसला होता. त्यातून जोर लावून वीज ढकलली की थोडा प्रकाश पडायचा, पण व्यवहारात वापरायला फार कमी. आरसीएची परिस्थितीही ओढगस्तीची झाली होती. संगणकाच्या धंद्यात मोठा तोटा सोसून कंपनी १९७१ मध्ये त्यातून बाहेर पडली होती, रंगीत टीव्हीची विक्रीही वाढत नव्हती. १९७४ मध्ये टीजेन यांनीच हे काम थांबवलं. ज्याने स्वप्न पाहिलं त्यानेच ते आवरलं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

जवळपास सगळं जगच मग या पदार्थाकडे पाठ फिरवून झिंक सेलेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाकडे वळलं, आणि तो निर्णय तेव्हाच्या माहितीवर अगदी शहाणपणाचा होता. नीलम आणि गॅलियम नायट्राइड यांच्या अणूंच्या मांडणीतली अंतरं सुमारे १६ टक्क्यांनी जुळत नाहीत. जुन्या फरशीवर वेगळ्या मापाची फरशी सांधे जुळवत बसवायला घ्या, दर सहा-सात फरश्यांनी जोड चुकतो. स्फटिकातही तसंच होतं, एका चौरस सेंटिमीटरमध्ये कोट्यवधी चिरा राहतात. इतर अर्धवाहकांमध्ये याच्या कितीतरी कमी चिरा असल्या तरी एलईडी मंदावतो. झिंक सेलेनाइडला मात्र जवळजवळ नेमक्या मापाची पायाभूत चकती तयार मिळत होती. तेव्हाच्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारलं असतं तर त्याने गॅलियम नायट्राइड सोडा, असाच सल्ला दिला असता.

जपानमध्ये मात्र इसामु आकासाकी यांनी सोडलं नाही. आधी मात्सुशिता कंपनीच्या संशोधन संस्थेत आणि १९८१ पासून नागोया विद्यापीठात ते या पदार्थामागे लागून राहिले. तिथे त्यांना हिरोशी अमानो हा विद्यार्थी मिळाला. चांगला स्फटिक काही येत नव्हता. अमानो चकत्यांमागून चकत्या भट्टीत घालत राहिले, शेकडो वेळा. १९८५ च्या सुमारास एक दिवस भट्टी नीट तापत नव्हती. अमानोंनी सांगितलं आहे की त्यामुळेच आधी कमी तापमानात ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर द्यायचं त्यांना सुचलं. त्या थराने नीलम आणि गॅलियम नायट्राइड यांच्यातलं न जुळणं बरंचसं सोसून घेतलं आणि त्यावर वाढलेला स्फटिक नितळ निघाला. १९८६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं.

मग आला पी थर. नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत असताना एक विचित्र गोष्ट दिसली. इलेक्ट्रॉनचा झोत जिथे पडत होता तिथली चमक वाढत चालली होती. हा धागा धरून त्यांनी १९८९ मध्ये मॅग्नेशियम घातलेल्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवला आणि पी प्रकारचं गॅलियम नायट्राइड पहिल्यांदा तयार झालं. मॅग्नेशियमच. मारुस्कांनी १९७२ मध्ये निवडलेलं.

झोताने नेमकं केलं काय, हे उलगडलं शूजी नाकामुरा यांनी. शिकोकू बेटावरच्या आनान गावी निचिया नावाची चमकणारी रसायनं बनवणारी कंपनी होती, तिथे ते १९७९ पासून नोकरीला होते. कंपनीचे संस्थापक नोबुओ ओगावा यांनी निळ्या एलईडीसाठी त्यांच्यामागे मोठी रक्कम उभी केली. पुढे नव्या अध्यक्षांनी काम थांबवायला सांगितलं तरी नाकामुरा थांबले नाहीत. त्यांनी वायूच्या दोन वेगवेगळ्या झोतांनी थर चढवणारी स्वतःची भट्टी जमवली. १९९२ मध्ये त्यांनी दाखवलं की मॅग्नेशियम घातलेला स्फटिक नायट्रोजनमध्ये ७०० अंशांच्या आसपास नुसता तापवला तरी तो पी होतो. इलेक्ट्रॉनच्या झोताची गरज नाही.

या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात प्रिय भाग इथे येतो. स्फटिक वाढवताना अमोनिया लागतो आणि अमोनियात हायड्रोजन असतो. तो हायड्रोजन स्फटिकात शिरून मॅग्नेशियमला चिकटून बसत होता. मॅग्नेशियमने रिकामी जागा द्यायची, पण हायड्रोजनने ती आधीच अडवलेली. बसमध्ये सीटवर रुमाल टाकून ठेवावा तसं. या पद्धतीत अमोनियाशिवाय स्फटिक वाढत नाही, आणि अमोनियामुळेच तो पी होत नाही. तापवलं की हायड्रोजन सुटतो, रुमाल उचलला जातो आणि मॅग्नेशियम आपलं काम करू लागतं.

नोव्हेंबर १९९३ मध्ये निचियाने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. १९९६ मध्ये त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या रसायनाचा लेप देऊन पांढरा एलईडी आला. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. आज घरातला एलईडी बल्ब उघडला की आत पिवळे ठिपके दिसतात, ते हेच. सरकारच्या उजाला योजनेत भारतात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आमच्या गावच्या घरी माजघरात लागलेला पहिला एलईडीही त्याच योजनेतला होता. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना विभागून मिळालं. मारुस्का आणि पॅनकोव्ह यांची नावं त्यात नव्हती.

आता ती दोन वाक्यं घेऊ.

'ही कल्पना माझी होती.' मारुस्का असं म्हणाले तर ते शब्दशः खरं ठरेल. पदार्थ तोच, नीलमची चकती तीच, मॅग्नेशियमही तेच. पण १९७२ च्या कल्पनेत नसलेल्या कितीतरी गोष्टी १९९३ च्या एलईडीत होत्या. नीलम आणि स्फटिक यांच्या मधला पातळ थर होता. वायूंतून थर चढवायची वेगळी भट्टी होती. तिची पद्धत १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाली खरी, पण नीट हाताळण्याजोगी व्हायला पुढची कितीतरी वर्षं गेली. आणि हायड्रोजनचं उत्तर होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच वाक्य दिसतं, 'मॅग्नेशियम घातलेल्या गॅलियम नायट्राइडमधून निळा उजेड'. कल्पना जिथे अडते, नेमकी ती जागा त्या वाक्यात येतच नाही. म्हणून दुसऱ्याची वस्तू बघून 'हे माझंच' वाटतं तेव्हा आपण वाक्याशी वाक्य ताडत असतो.

दुसरं वाक्य, 'आणखी धरून राहिलो असतो तर'. १९७२ चे ते तुकडे भट्टीत परत तापवले असते तर काम झालं असतं का? हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. मला तसं वाटत नाही. तेव्हाच्या स्फटिकात नको असलेले इलेक्ट्रॉन इतके होते की मॅग्नेशियम मोकळं होऊनही ते पुरं पडलं नसतं. आधी स्फटिक सुधारायला हवा होता, मग हायड्रोजन. दोन कुलपं होती. मारुस्कांना एकच दिसत होतं, आणि त्याचीही किल्ली कुणाकडे नव्हती.

मग आपल्याला 'थोडक्यात हुकलं' असं इतक्या खात्रीने का वाटतं? याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. १९७५ साली बारूक फिशहॉफ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची हकिकत वाचायला दिली. काहींना सांगितलं की शेवटी इंग्रज जिंकले, काहींना सांगितलं की गुरखे जिंकले, काहींना सांगितलं की कुणीच जिंकलं नाही. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर कशाची शक्यता किती वाटली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटत होता, आणि हकिकतीतले त्याला पूरक तपशीलच महत्त्वाचे वाटत होते. शेवट कळला की मन मागे जाऊन रस्ता सरळ करून ठेवतं. आपण सोडलं तेव्हा समोर दहा वाटा होत्या आणि नऊ दरीत जात होत्या, हे मग आठवत नाही. झिंक सेलेनाइडवर ज्यांनी उमेदीची वर्षं घातली त्यांच्याबद्दल आपल्याला काही वाटत नाही, कारण त्यांची नावंच आपल्या कानावर येत नाहीत. तेही चिकाटीचेच होते.

म्हणून 'चिकाटी सोडू नका, यश मिळतंच' असं सांगणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. आकासाकींची चिकाटी थोरच. पण त्यांच्यामागे विद्यापीठ होतं, नाकामुरांमागे पैसा लावणारा मालक होता. मारुस्कांच्या मागची कंपनीच खचत होती. माणसाची जिद्द मोजताना त्याच्या पायाखालची जमीनही मोजावी.

मग मारुस्कांचं काम वाया गेलं का? तो १९६९ चा निबंध. तो छापला गेला म्हणून नीलमवर सलग स्फटिक वाढवता येतो हे जगाला कळलं, आणि इतरांना तिथून पुढे जाता आलं. १९७२ च्या जांभळ्या उजेडाचीही नोंद झाली होती. काम थांबलं, पण कुठवर आलं होतं ते कागदावर राहिलं. आणि त्या काळातला त्यांचा एक मॅग्नेशियमचा नमुना पुढे कित्येक दशकांनीही चालू होता. वीज दिली की जांभळा उजेड द्यायचा.

आता माझी पेटी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मे महिन्यांत. सालं काढायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत रसात, परत उन्हात. चार-सहा पुटं बसली की सोलं काळीशार होतात. पण मेच्या अखेरीस वळवाचा एक पाऊस आला की खळ्यातली सगळी बरबाद. आईची अशी दोन मण सालं एका संध्याकाळी गेली, त्यावरून मला ती पेटी सुचली होती. आत तापमान चांगलं चढायचं, ६० अंशांच्या वर. तरी सालं ओलसरच राहायची. सकाळी काच उघडली की तिच्या आतल्या अंगाने पाण्याचे थेंब ओघळत असायचे आणि तेच सालांवर पडायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेने पांढरी बुरशी. जाळी जस्ताचा मुलामा दिलेली होती, आंबट रसाने तीही खाल्ली आणि सालांना धातूची चव यायला लागली. उष्णता कमी पडते असं समजून मी पेटीच्या फटी आणखी घट्ट बुजवत गेलो.

प्रदर्शनातल्या ताईंशी शेवटी बोललो. म्हटलं, "ताई, पेटीत पाणी साचत नाही का?"

"पहिल्या वर्षी साचलं ना," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं काचच वाईट. मग आमच्यातल्या एका आजींनी सांगितलं, अगो, वाफ जायची कुठून? चुलीला धुराडं असतं तसं हिला करा."

त्यांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवला. पेटीच्या खालच्या कडेला हाताच्या पंजाएवढ्या खाचा होत्या, डासांची जाळी लावलेल्या. मागच्या वरच्या बाजूला पत्र्याचं काळं रंगवलेलं धुराडं. ऊन लागलं की ते तापतं, आतली हवा वर ओढली जाते, खालून कोरडी हवा येते. पेटीतलं तापमान त्याने थोडं उतरतं, पण ओल निघून जाते, आणि वाळायला उष्णतेइतकीच वाहती हवा लागते. सालं ठेवायला त्यांनी बांबूची ताटं केली होती. मी दोन वर्षं उष्णता अडवत होतो आणि तिच्याबरोबर वाफही.

"तुम्हीही केली होती का अशी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. दोन हंगाम रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ आतलं तापमान वहीत लिहायचो, ढगाळ दिवशी किती उतरायचं, कुठल्या तिरक्या कोनात काच ठेवली की दुपारी जास्त ऊन धरायचं, तेही.

"ढगाळ दिवसांचं आहे?" त्या एकदम म्हणाल्या. "आम्ही काही लिहिलंच नाही हो. रोहिणी लागल्या की आमचा अंदाजच चुकतो, सालं किती दिवस आत ठेवायची ते कळत नाही. ती वही मिळेल का, दादा?"

वही गावी, आईच्या फडताळात, कॅलेंडरांच्या खाली होती. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती, आकडे शाबूत होते. पुढच्या रविवारी मी ती घेऊन त्यांच्या गावी गेलो. पेटी उन्हात होती, धुराड्याच्या तोंडाशी हात धरला तर तळव्याला ऊन ऊन, आंबूस वाफ लागली.